डेस्कटॉपच्या आत बसणारं भरवशाचं साउंड कार्ड कसं निवडावं

साउंड कार्डाच्या खोक्यावर सगळ्यांत ठळक छापलेला असतो तो डेसिबलचा आकडा, आणि बरेच जण त्याच आकड्यावर कार्ड घेतात. माझं मत वेगळं आहे. कार्डाचा भरवसा दोन गोष्टींवर ठरतो. तुम्हाला होणारा त्रास कार्डाने मिटणारा आहे का, आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आज आणि आणखी काही वर्षं चालेल का. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की उरलेली निवड फार अवघड राहत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या शक्यतो क्रमानेच घ्या. पहिल्याच पायरीवर कार्डाची गरज नाही असं कळलं, तर पैसे वाचले.

पायरी १: त्रास नेमका कुठून येतो ते शोधा

मदरबोर्डवरचा आवाज म्हणजे निकृष्टच, हा समज जुन्या काळातला आहे. इंटेलने १९९७ साली एसी'९७ हे मानक आणलं आणि ऑनबोर्ड साउंड सर्रास मिळू लागला. त्या काळी तो खरोखरच सुमार असायचा. २००४ साली एचडी ऑडिओ आलं, त्यानंतर चिप्स सुधारत गेल्या. आज बऱ्यापैकी मदरबोर्डवर रिअलटेकची एएलसी१२२० सारखी चिप असते आणि ती साध्या हेडफोनसाठी पुरेशी चांगली असते. त्यामुळे आधी घरी थोडी तपासणी करा.

हेडफोन कॅबिनेटच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. काहीही वाजवू नका, आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवा आणि ऐका. मग माउस हलवा, मोठी फाइल कॉपी करा, एखादा गेम सुरू करा. माउस हलवताना किंवा गेम चालू झाल्यावर चिरचिर, सूं-सूं ऐकू आली, तर संगणकाच्या आतली विद्युत कुरबूर ऑनबोर्ड सर्किटमध्ये शिरते आहे. इथे चांगलं कार्ड बहुधा उपयोगी पडतं.

हीच चिरचिर फक्त कॅबिनेटच्या पुढच्या जॅकवर येत असेल आणि मागच्यावर नसेल, तर दोष पुढच्या पॅनलपर्यंत जाणाऱ्या बारीक वायरीचा आहे. ती वायर ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून जाते आणि वाटेत कुरबूर उचलते. वायर दुसऱ्या बाजूने वळवा, नाहीतर मागच्या जॅकला एक्स्टेन्शन लावा.

तिसरी शक्यता सगळ्यांत जास्त फसवते. हेडफोनवर सगळं शांत, पण विजेवर चालणारे स्पीकर जोडले की अखंड घुंss असा आवाज. हा ग्राउंड लूप. संगणक आणि स्पीकर दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने जोडलं जातं आणि ऑडिओ केबलच्या शील्डमधून प्रवाह वाहू लागतो. खात्री करायची असेल तर संगणकाची केबल काढून तेच स्पीकर बॅटरीवर चालणाऱ्या फोनला लावा. घुंकार गेला तर निदान पक्कं. आतलं कार्ड मदरबोर्डचंच ग्राउंड वापरतं, त्यामुळे कितीही महाग कार्ड घातलं तरी हा आवाज जायचा नाही. संगणक आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, किंवा स्पीकरला सोय असेल तर ऑप्टिकल केबल वापरा. ऑप्टिकलमधून वीज जातच नाही, त्यामुळे लूप तिथेच तुटतो.

आवाज स्वच्छ आहे पण मधूनच तुटतो, टक्-टक् करतो, असं असेल तर ते बहुधा ड्रायव्हरचं दुखणं असतं. विंडोजवर लेटन्सीमॉन हे छोटं साधन थोडा वेळ चालवून ठेवा. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो ते ते दाखवतं. अनेकदा नेटवर्क किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोषी निघतो, आणि तिथे साउंड कार्ड बदलून काहीच हाती लागत नाही.

पायरी २: आवाज कुठल्या वाटेने बाहेर पडतो?

मॉनिटर किंवा टीव्हीचे स्पीकर एचडीएमआयवरून वाजत असतील, तर तो आवाज ग्राफिक्स कार्डातून जातो. यूएसबी हेडसेटमध्ये स्वतःचंच छोटं साउंड कार्ड असतं. ब्लूटूथ हेडफोनचंही तसंच. या तिन्ही ठिकाणी आतलं साउंड कार्ड वाटेत येतच नाही. ऑप्टिकलवरून ॲम्प्लिफायरला आकडेच पाठवत असाल, तर त्यांचं आवाजात रूपांतर ॲम्प्लिफायर करतो. हेच रूपांतर करणाऱ्या कार्डाच्या महागड्या डीएसी चिपचा तिथे काही उपयोग नाही.

आतलं कार्ड खऱ्या अर्थाने कामाला येतं ते साध्या ३.५ मिमी जॅकचे हेडफोन, ॲनालॉग स्पीकर, ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) ॲनालॉग संच किंवा लाइन-इनमधून रेकॉर्डिंग असेल तेव्हा. ऑप्टिकलबाबत एक अपवाद आहे. त्या वाटेने एक तर दोन चॅनेलचा साधा आवाज जातो, नाहीतर दाबलेला ५.१. गेमचा ५.१ आवाज ऑप्टिकलवरून ॲम्प्लिफायरला हवा असेल तर कार्डात डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट यांपैकी एक सोय लागते. ती आहे का, हे वैशिष्ट्यांच्या यादीत नावानिशी शोधा. नुसतं 'ऑप्टिकल आउट आहे' एवढं वाचून समाधान मानू नका.

पायरी ३: कॅबिनेट उघडून जागा बघा

आजची कार्डं पीसीआय एक्सप्रेस एक्स१ या छोट्या स्लॉटची असतात. ती एक्स४ किंवा एक्स१६ च्या लांब स्लॉटमध्येही बिनदिक्कत बसतात. जुना पांढरा पीसीआय स्लॉट नव्या मदरबोर्डवरून जवळपास नाहीसा झाला आहे, त्यामुळे जुनं कार्ड घेताना तो फरक डोळ्यांनी तपासा. स्लॉट किती वेगवान आहे याची चिंता नको. पहिल्या पिढीच्या एक्स१ स्लॉटमधूनसुद्धा सेकंदाला २५० मेगाबाइट जातात, आणि ८ चॅनेल, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ इतका भरगच्च आवाजही सेकंदाला ५ मेगाबाइटच्या आतच राहतो.

अडचण असते ती जागेची. जाडजूड ग्राफिक्स कार्ड दोन-तीन स्लॉट झाकून टाकतं आणि एक्स१ चा स्लॉट नेमका त्याच्याखाली सापडतो. बसलं तरी पंख्याला चिकटून बसवू नका; ग्राफिक्स कार्डाचा श्वास कोंडतो आणि साउंड कार्डाला कुरबुरीचा शेजार मिळतो. मदरबोर्डचं मॅन्युअलही वाचा. काही बोर्डांवर ठरावीक एम.२ जागेत एसएसडी लावली की खालचा एखादा स्लॉट बंद पडतो, आणि मग कार्ड 'मेलेलं' आहे असं समजून लोक ते परत करतात. कॅबिनेट बुटकं असेल तर अर्ध्या उंचीची पट्टी खोक्यात मिळते का ते बघा. क्रिएटिव्हचं ऑडिजी एफएक्स आणि असुसचं झोनार एसई यांच्याबरोबर ती मिळते.

शेवटची गोष्ट वीज. काही ताकदवान कार्डांना एसएमपीएसची, म्हणजे संगणकाच्या पॉवर सप्लायची, वेगळी वायर लागते. असुसच्या एसेन्स एसटीएक्स २ ला ४ पिनांचा मोलेक्स लागतो, क्रिएटिव्हच्या एई-९ ला ग्राफिक्स कार्डाला लावतात तशी ६ पिनांची वायर. ती तुमच्याकडे मोकळी आहे का ते आधी मोजा. मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स असेल तर त्याचा एकुलता एक स्लॉट ग्राफिक्स कार्डाला गेलेला असतो. अशा वेळी सरळ यूएसबी डीएसी घ्या.

पायरी ४: ड्रायव्हर, म्हणजे कार्डाचं खरं आयुष्य

कार्डाची चिप सहसा मरत नाही. ड्रायव्हर मरतो आणि चांगलं कार्ड अडगळीत जातं. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने डायरेक्टसाउंडची (विंडोजमधली, गेमना आवाज पुरवणारी सोय) हार्डवेअरवरची प्रक्रियाच काढून टाकली, आणि ज्या ईएएक्स (गेममधला आवाज जागेनुसार घुमवणाऱ्या) इफेक्टसाठी लोकांनी कार्डं घेतली होती ते इफेक्ट जुन्या गेममध्ये एकाएकी गप्प झाले. हार्डवेअर तेच होतं, खालची जमीन सरकली. असं पुन्हा होणार नाही याची हमी कुणीच देऊ शकत नाही, पण धोका कमी करता येतो.

कार्ड निवडण्याआधी निर्मात्याच्या डाउनलोड पानावर जा आणि तीन गोष्टी बघा. शेवटचा ड्रायव्हर कधीचा आहे? तुमच्या विंडोजच्या आवृत्तीचं नाव त्यात स्पष्ट लिहिलं आहे का? आणि नुसता ड्रायव्हर मिळतो का, की सोबत भलंमोठं ॲप घ्यावंच लागतं? नुसता ड्रायव्हर वेगळा देणारा निर्माता मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण ॲप बिघडलं तरी आवाज चालू राहतो.

विंडोज ११ वापरणाऱ्यांनी 'मेमरी इंटिग्रिटी' या सुरक्षा सोयीकडे लक्ष द्यावं. कोअर आयसोलेशनच्या पानावर ती असते आणि जुन्या धाटणीचे ड्रायव्हर ती अडवते. कार्ड चालावं म्हणून ही सुरक्षा बंद करावी लागणार असेल, तर ते कार्ड घेऊ नका.

लिनक्सवर हिशेब वेगळा आहे. तिथे ड्रायव्हर कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच असतो, त्यामुळे निर्मात्याने पाठ फिरवली तरी कार्ड चालत राहतं. ऑडिजी आरएक्स मधली चिप एमू१०के१ या जुन्या, मुरलेल्या ड्रायव्हरवर चालते. सी-मीडियाच्या ऑक्सिजन घराण्यातली चिप असलेली झोनार कार्डंही दीर्घकाळ नीट चालत आली आहेत. क्रिएटिव्हच्या साउंड ब्लास्टर झेड, एई-५ आणि एई-७ यांना आधार नंतर आला, आणि विंडोजवरच्या ॲपमधल्या सगळ्या सोयी तिथे मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. म्हणून लिनक्सवाल्यांनी मॉडेलच्या नावापेक्षा चिपचं नाव शोधावं. एकाच मालिकेतल्या दोन कार्डांत दोन भिन्न घराण्यांच्या चिप्स निघतात: नावं जवळची असली तरी ऑडिजी एफएक्स मध्ये रिअलटेकची चिप आहे, आरएक्स मध्ये ई-एमयूची.

पायरी ५: आकडे वाचायचे, पण शहाणपणाने

सिग्नल-टू-नॉइज रेशो, म्हणजे आवाज आणि खरखर यांतलं अंतर. झोनार एसई वर ११६ डेसिबल लिहिलेलं असतं, एई-५ वर १२२, एई-९ वर १२९. ६ डेसिबल म्हणजे खरखरीचा व्होल्टेज निम्मा, त्यामुळे कागदावर हा फरक मोठा दिसतो. आता तो कानाशी ताडून बघा. समजा गाण्यातला सर्वांत जोरकस क्षण तुमच्या कानाशी १०० डेसिबलचा आहे, आणि हा आवाज बराच मोठा झाला. ११० डेसिबल अंतराच्या कार्डाची खरखर त्या हिशेबाने शून्य डेसिबलच्याही खाली, उणे १० वर जाते. शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. त्यामुळे ११० च्या पुढची शर्यत ऐकण्यापेक्षा छापण्यासाठीच जास्त आहे.

शिवाय हा आकडा बहुतेक वेळा लाइन-आउटचा असतो, पूर्ण आवाजावर आणि कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे भार देऊन मोजलेला. हेडफोनच्या जॅकमागे वेगळा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याची खरखर वेगळी. कानात घालायचे संवेदनशील इअरफोन वापरणाऱ्यांना १२० डेसिबलच्या कार्डावरही सुस्कारा ऐकू येऊ शकतो. माइक आणि लाइन-इनचा आकडाही स्वतंत्र असतो आणि तो बऱ्याचदा छापलेलाच नसतो. रेकॉर्डिंग करायचं असेल तर तोच शोधा.

बिट आणि किलोहर्ट्झबद्दल थोडक्यात. १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं, २४ बिटमध्ये तत्त्वतः १४४, पण तिथवर कुठलंच सर्किट पोहोचत नाही. माणसाचा कान जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि त्यासाठी ४४.१ किंवा ४८ चा नमुनादर पुरतो. १९२ किंवा ३८४ या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका.

'७.१ व्हर्च्युअल सराउंड' ही तर निव्वळ सॉफ्टवेअरची करामत. विंडोज सोनिक हेच काम फुकट करतं. ऐकून बघा, आवडलं तर वापरा. कार्ड निवडायचं कारण म्हणून ते धरू नका.

पायरी ६: हेडफोनचे ओहम

हेडफोनचा विद्युत अडथळा ओहममध्ये मोजतात, आणि कार्डाची खरी कमाई इथे दिसते. हेडफोन ३२ ओहमचे असतील तर त्यांना १ व्होल्टमध्ये सुमारे ३१ मिलिवॉट मिळतात, आणि तेवढे भरपूर झाले. ३०० ओहमच्या हेडफोनना त्याच १ व्होल्टमध्ये जेमतेम ३ मिलिवॉट मिळतात. आवाज दबका, निर्जीव वाटतो. त्यांना २ व्होल्ट किंवा अधिक देणारं कार्ड हवं. २५०, ३००, ६०० ओहमचे हेडफोन असलेल्यांनी 'हेडफोन ॲम्प ६०० ओहमपर्यंत' अशी नोंद असलेलं कार्ड बघावं, पण ती नोंद कुठल्या जॅकला लागू आहे हेही वाचावं. काही कार्डांत ॲम्प्लिफायर फक्त मागच्या जॅकवर असतो, पुढच्या पॅनलला नेहमीचाच सिग्नल जातो.

कमी ओहमचे हेडफोन असतील तर उलटा प्रश्न विचारा: कार्डाचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याच्या जॅकचा स्वतःचा विद्युत अडथळा, किती? तो हेडफोनच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. ३२ ओहमसाठी ४ ओहम. तो जास्त असला की काही हेडफोनचा बास सुजतो, आवाजाचा पोत बदलतो. एई-५ मध्ये हा आकडा १ ओहम आहे, म्हणून हलक्या हेडफोनसाठी ते मला आवडतं. गेन (ॲम्प्लिफायर सिग्नल किती वाढवतो ते) बदलायची सोय असेल तर हलक्या हेडफोनसाठी ती खालच्या पातळीवरच ठेवा.

माइक आणि रेकॉर्डिंग

हेडसेटचा माइक असेल तर कुठलंही बरं कार्ड चालतं. एक्सएलआर पिनचा कंडेन्सर माइक असेल तर त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. ती एई-९ सारखा अपवाद वगळता घरगुती आतल्या कार्डांत नसते, त्यामुळे तिथे बाहेरचा ऑडिओ इंटरफेसच घ्यावा. वाद्य वाजवत रेकॉर्ड करणाऱ्यांनी निर्मात्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विलंब कमी ठेवणारा खास ड्रायव्हर) आहे का ते बघावं. ४८ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा विलंब, आणि तो सतत पाळू शकणारा ड्रायव्हरच खरा. याच कामासाठी स्टुडिओवाले आरएमईच्या एचडीएसपीई कार्डांकडे जातात, पण नुसतं ऐकण्यासाठी ती घेऊ नयेत.

मग कुठलं?

ऑनबोर्ड आवाजात कुरबूर आहे आणि साधे हेडफोन किंवा स्पीकर आहेत, एवढंच असेल तर झोनार एसई किंवा ऑडिजी एफएक्स च्या पातळीचं कार्ड पुरतं. लिनक्स असेल किंवा मिडी संगीतासाठी साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांच्या नमुन्यांची फाइल) वापरत असाल तर ऑडिजी आरएक्स. चांगले हेडफोन असतील आणि त्यांच्यासाठीच कार्ड घ्यायचं असेल तर एई-५. एई-७ आणि एई-९ पर्यंत जाण्याआधी त्याच खर्चात येणारा बाहेरचा डीएसी आणि ॲम्प्लिफायर जरूर विचारात घ्या. तो पुढच्या संगणकालाही लागतो, आणि बरेचसे यूएसबी डीएसी ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालत असल्याने चौथ्या पायरीतली चिंता बरीच कमी होते.

निनावी, झळाळत्या खोक्यातल्या कार्डांपासून सांभाळा. त्यांत अनेकदा सीएमआय८७३८ ही पीसीआयच्या जमान्यातली, १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर थांबणारी चिप असते, आणि मधे एक पूल-चिप टाकून ती पीसीआय एक्सप्रेसच्या पट्टीवर बसवलेली असते. फोटोत चिपवरचं नाव वाचता येत नसेल तर विक्रेत्याला विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुढे जा.

वापरलेलं कार्ड घेताना कपॅसिटरचे माथे फुगलेले नाहीत, जॅक हलत नाहीत, आणि सोबतची वायर व पट्टी जागेवर आहे हे बघा. ड्रायव्हरची तपासणी इथे दुप्पट काटेकोरपणे करा.

बसवणं आणि परत करायची मुदत संपण्याआधी तपासणं

संगणक बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज उतरू द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. ग्राफिक्स कार्डापासून शक्य तितका लांबचा स्लॉट निवडा. कार्ड सरळ दाबा आणि स्क्रू नक्की आवळा. जॅक ओढला गेला की सैल कार्ड स्लॉटमध्ये तिरकं होतं. पुढच्या पॅनलची एचडी ऑडिओची वायर मदरबोर्डवरून काढून कार्डावर लावा. बायोसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ बंद करा, म्हणजे विंडोज मनाने परत त्याच्याकडे वळणार नाही.

ड्रायव्हर टाकल्यावर सेटिंगमध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ निवडा आणि सगळे 'एन्हान्समेंट' आधी बंद करा. मूळ आवाज कसा आहे ते कळल्याशिवाय इक्वलायझरला हात लावायचा नाही.

आता पहिल्या पायरीतली शांततेची तपासणी पुन्हा करा: माउस, फाइल कॉपी, गेम. मग संगणक स्लीपमध्ये टाकून उठवा, आणि हे बऱ्याच वेळा करा. झोपेतून उठल्यावर आवाज गायब होणं हे कच्च्या ड्रायव्हरचं ठरलेलं लक्षण आहे. लेटन्सीमॉनही पुन्हा चालवा.

दोन्ही टोकांना ३.५ मिमी पिन असलेली साधी केबल हिरव्या लाइन-आउटमधून निळ्या लाइन-इनमध्ये लावा. हेडफोनचा ॲम्प आणि गेन चढवलेला असेल तर आधी उतरवा, नाहीतर इनपुटला जास्त व्होल्टेज जातो. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये शांतता रेकॉर्ड करा आणि मग एक किलोहर्ट्झचा सूर. राइटमार्क ऑडिओ ॲनलायझर हे साधन याच जोडणीवर पूर्ण मोजमाप काढून देतं. खोक्यावरचा आकडा तिथे मिळणार नाही, कारण लाइन-इनची मर्यादाही त्यात मिसळते. पण डाव्या-उजव्या बाजूत स्पष्ट फरक, ५० किंवा ६० हर्ट्झला उंच टोक, किंवा सुरात तुटकपणा दिसला, तर कार्ड लगेच बदलून घ्या.

सगळं ठीक निघालं तर ते रेकॉर्डिंग आणि चालणाऱ्या ड्रायव्हरची इन्स्टॉलर फाइल दुसऱ्या डिस्कवर एकत्र जपून ठेवा. पुढे एखाद्या अपडेटनंतर आवाज बदललासा वाटला, तर हीच तपासणी करून दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेवून बघता येतात.